वारसा दिनाची मोफत गर्दी: आकडा नेमका काय सांगतो?

18 एप्रिल हा जागतिक वारसा दिन आणि 19 ते 25 नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह. अलीकडच्या वर्षांत 18 एप्रिलला आणि सप्ताहाच्या पहिल्या दिवशी, म्हणजे 19 नोव्हेंबरला, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग आपल्या ताब्यातल्या स्मारकांचं तिकीट माफ करतो. आपल्या मराठवाड्यापुरतं बोलायचं तर वेरूळ-अजिंठ्याचे चाळीस रुपये आणि बीबी का मकबरा, देवगिरी किल्ला, औरंगाबाद लेणी यांचे पंचवीस रुपये त्या दिवशी वाचतात. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो आणि खाली ओळ असते, मोफत प्रवेशामुळे पर्यटकांची गर्दी.

आता समजा तुमची पेट झाली आहे, सिनॉप्सिस लिहायचं आहे, आणि ही बातमी वाचून तुम्हाला विषय सुचला: ‘मोफत प्रवेशाचा वारसास्थळांच्या भेटींवर होणारा परिणाम’. विषय चांगला आहे. पण आरआरसीसमोर बसल्यावर पहिलाच प्रश्न येईल, परिणाम म्हणजे कशाच्या तुलनेत? बातमीतल्या त्या ओळीत ‘मुळे’ हा प्रत्यय आहे. तो पेपरवाल्याला फुकटात लावता येतो. आपल्याला तो कमवावा लागतो. तो कसा कमवायचा, एवढंच आज बघू. मी मूळची केजची, शिक्षण स्टॅटिस्टिक्सचं, त्यामुळे उदाहरणं सगळी इकडचीच येतील.

तुलना कोणत्या दिवसाशी?

खरी तुलना ज्या दिवसाशी करायला हवी तो दिवस कधी उगवलेलाच नसतो. तोच 18 एप्रिल, तेच ऊन, तोच वार, फक्त तिकीट लागू. याला काउंटरफॅक्चुअल म्हणतात. तो दिवस हाती लागत नाही म्हणून आपण त्याच्यासारखा दुसरा दिवस शोधतो, आणि सगळी गंमत त्या ‘सारखा’ या शब्दात आहे.

सोपा उपाय वाटतो तो असा, की मागच्या काही वर्षांचे 18 एप्रिल आणि 19 नोव्हेंबर घ्यायचे आणि आसपासच्या दिवसांशी ताडून बघायचे. कॅलेंडर उघडा आणि काय होतं ते बघा.

18 एप्रिल 2019 ला बीड लोकसभेचं मतदान होतं. केजच्या माणसाला त्या दिवशी गाव सोडायचं काही कारण नव्हतं. 2020 चा एप्रिल लॉकडाऊनमध्ये गेला. 2021 च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेमुळे स्मारकं 16 तारखेपासूनच बंद होती. 2022 ला 18 एप्रिल सोमवारी आला, आणि अजिंठा सोमवारी बंद असतो. 2023 ला तो मंगळवारी आला, आणि मंगळवार ही वेरूळची साप्ताहिक सुट्टी. 2025 ला त्याच तारखेला गुड फ्रायडे होता, म्हणजे सलग तीन दिवसांची सुट्टी. नोव्हेंबरकडे वळलात तर 19 नोव्हेंबर 2021 ला गुरुनानक जयंतीची सुट्टी होती. 2023 ला रविवार होता आणि अहमदाबादला भारत-ऑस्ट्रेलिया वर्ल्ड कपची फायनल होती. त्या दुपारी लेण्यांमध्ये कोण होतं याची मला खरंच उत्सुकता आहे. 2024 ला पुन्हा मंगळवार, आणि दुसऱ्या दिवशी विधानसभेचं मतदान.

म्हणजे कागदावर सात-आठ वर्षांची निरीक्षणं दिसतात, पण स्वच्छ म्हणावीत अशी दोन-तीनच उरतात. विश्लेषण सुरू करण्याआधीच हे कळलं तर बरं. बरेच जण आधी एक्सेलमध्ये आकडे ओततात, रिग्रेशन चालवतात आणि 2023 चा आकडा इतका कमी का म्हणून महिनाभर डोकं खाजवतात. तारखांचा असा तक्ता करायला एक संध्याकाळ पुरते.

एक जास्त मोठा प्रयोगही झालेला आहे, तो विसरू नका. स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवानिमित्त 5 ते 15 ऑगस्ट 2022 असे सलग अकरा दिवस ही सगळी स्मारकं मोफत होती. एका दिवसापेक्षा अकरा दिवस केव्हाही चांगले. पण त्यात मोहरम, राखीपौर्णिमा आणि शेवटी शनिवार-रविवार-पंधरा ऑगस्ट अशी जोडून सुट्टी आली. शिवाय तो श्रावण होता. वेरूळला लेण्यांच्या पलीकडेच घृष्णेश्वर आहे. श्रावणी सोमवारी ज्योतिर्लिंगाला आलेला माणूस लेण्यांत डोकावतोच. त्याला मोफत प्रवेशाने आणलं की महादेवाने, हे गेटवरच्या आकड्यावरून कळणार नाही. मकबऱ्याला मात्र ही अडचण नाही. म्हणून दोन्ही ठिकाणांचे आकडे वेगवेगळे ठेवून बघायचे. श्रावणाचा वाटा किती, याचा अंदाज तिथून लागायला सुरुवात होते.

अजून एक. जो माणूस येत्या रविवारी जाणारच होता, तो तिकीट नाही म्हणून गुरुवारी गेला, तर गुरुवारचा आकडा वाढला पण एकूण भेटी तेवढ्याच राहिल्या. भेट फक्त सरकली. म्हणून मोफत दिवसाच्या आधीचे आणि नंतरचे दोन-तीन आठवडेही बघावे लागतात. तिथे खड्डा दिसला तर समजायचं, की ढिगाऱ्यातली काही माती त्या खड्ड्यातूनच आली आहे.

मोजलं काय, भेटी की माणसं?

इंग्लंडचं उदाहरण या बाबतीत प्रसिद्ध आहे. तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयांची प्रवेश फी 1 डिसेंबर 2001 पासून पूर्ण बंद झाली. जिथे आधी फी होती तिथल्या भेटी पहिल्या वर्षात सत्तर टक्क्यांच्या आसपास वाढल्या. प्रचंड यश. पण नंतर लोकांची पाहणी केली तेव्हा दिसलं, की येणाऱ्यांची सामाजिक घडण फारशी बदललेली नाही. शिकलेला, बऱ्या उत्पन्नाचा वर्ग आधीही यायचा. आता तोच जास्त वेळा येऊ लागला होता.

गेटवर ‘भेट’ मोजली जाते. एक माणूस वर्षात चारदा आला की चार भेटी. धोरण ठरवणाऱ्याला मात्र बहुतेक वेळा माणसं हवी असतात, त्यातही पहिल्यांदा आलेली. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये मोजमापाचं एकक कोणतं, हे पहिल्या पानावर लिहा.

आणि मोजणारं साधन? एरवी आकडा तिकिटांवरून येतो. ज्या दिवशी तिकीटच नाही त्या दिवशी आकडा कुठून आला, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. वजनकाटा बदलून दोन पोत्यांची तुलना करण्यासारखं आहे ते. वार्षिक आकडे केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या सांख्यिकी अहवालात छापलेले मिळतात, पण आपल्याला दिवसवार लागतात. त्यासाठी माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपये फी आणि तीस दिवसांची मुदत. अर्जात आकड्यांबरोबरच ‘मोफत प्रवेशाच्या दिवशी अभ्यागतांची नोंद कोणत्या पद्धतीने ठेवली’ हेही विचारा. जुने अहवाल शोधताना औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद आणि धाराशिव अशी दोन्ही नावं टाका, नाहीतर अर्धी वर्षं सापडणारच नाहीत.

पंधरा वर्षांखालची पोरं

आता मला आवडणारा भाग. या स्मारकांवर पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट एरवीही नसतं. म्हणजे मोफत दिवशी मोठ्यांची किंमत पंचवीसवरून शून्यावर येते आणि मुलांची शून्यच राहते. त्या दिवशी बाकी जे काही असतं, म्हणजे बातम्या, कार्यक्रम, सुट्टी, हवामान, ते दोघांनाही लागू. मग मुलांची संख्या जेवढी वाढली ती तिकिटामुळे नक्कीच वाढलेली नाही. ती वाढ मोठ्यांच्या वाढीतून वजा केली की तिकिटाचा वाटा उरतो. हेच ते ‘डिफरन्स इन डिफरन्सेस’, ज्याच्या नावानेच निम्मे विद्यार्थी घाबरतात.

आकडे कल्पित घेऊ. साध्या गुरुवारी हजार मोठे आणि दोनशे मुलं. मोफत गुरुवारी अठराशे मोठे आणि तीनशे मुलं. मुलं दीडपट झाली. मोठेही तिकीट असतानाच दीडपट झाले असते असं धरलं तर पंधराशे. मग तिकिटामुळे आलेले तीनशे. पण मुलं शंभरने वाढली, मोठेही शंभरनेच वाढले असते, असं धरलं तर तिकिटामुळे आलेले सातशे होतात! आकडे तेच, गृहीतक वेगळं, उत्तर दुपटीहून जास्त. पटीत मोजायचं की फरकात, हे आकडे बघण्याआधी ठरवून, तारीख टाकून गाईडला मेल करून ठेवा. नंतर ठरवलं तर आपल्याला हवं तेच उत्तर देणारी पद्धत आपल्याला आवडायला लागते. हा माणसाचा स्वभाव आहे.

या युक्तीलाही एक भोक आहे. लहान मुलं एकटी येत नाहीत. बाप मोफत म्हणून आला आणि पोराला घेऊन आला, तर पोराची संख्याही तिकिटामुळेच वाढली. म्हणून घरच्यांबरोबर आलेली मुलं वगळून फक्त शाळांच्या सहली धरणं जास्त सुरक्षित. सहलींचा हंगाम नोव्हेंबरपासून असतो आणि एप्रिलमध्ये परीक्षा. त्यामुळे हे गणित 19 नोव्हेंबरलाच नीट बसतं.

केजहून बघितलं तर

आत्तापर्यंत आपण गेटवर उभं राहून मोजत होतो. आता केजच्या बसस्टँडवर उभे राहू. इथून छत्रपती संभाजीनगर एकशे ऐंशी किलोमीटरच्या आसपास. साध्या एसटीचं एका बाजूचं तिकीट ढोबळ तीनशे धरा, म्हणजे जाऊन-येऊन सहाशे. पूर्ण दिवस मोडतो, त्याची किंमत रोजगार हमीच्या मजुरीने लावू. 2025-26 साठी ती महाराष्ट्रात 312 रुपये आहे. मकबऱ्याचे 25. बेरीज 937, आणि यात चहा-नाश्ता नाही, शहरातली रिक्षाही नाही. तिकीट माफ केल्याने केजच्या माणसाला मिळालेली सूट तीन टक्क्यांहूनही कमी.

मकबऱ्याशेजारी बेगमपुऱ्यात राहणाऱ्याचा हिशेब करा. तो चालत जातो, तासाभरात परत येतो. त्याच्या खर्चात तिकीट हाच मोठा भाग. म्हणजे सरकारने सगळ्यांना सारखेच पंचवीस रुपये माफ केले, पण खरी सूट मिळाली ती जवळच्याला.

या विचाराला जुनी परंपरा आहे. 1947 मध्ये हॅरोल्ड हॉटेलिंगने अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसच्या संचालकांना एक पत्र लिहिलं. उद्यानाभोवती वर्तुळाकार पट्टे आखा, प्रत्येक पट्ट्यातून किती लोक येतात ते मोजा, आणि येण्याचा खर्च हीच त्यांनी मोजलेली किंमत समजा, अशी ती कल्पना. पुढे 1959 मध्ये मॅरियन क्लॉसनने ती वापरून दाखवली आणि तिला ‘ट्रॅव्हल कॉस्ट’ पद्धत हे नाव पडलं. स्टॅटिस्टिक्सवाल्यांनो, टी-स्क्वेअरचा हॉटेलिंग तो हाच.

आपल्याकडे या पद्धतीसाठी एक सुंदर संधी पडून आहे. 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं. वरच्या हिशेबात केजच्या बाईचे तीनशे रुपये वाचले, म्हणजे जवळपास एक तृतीयांश खर्च. तोही वर्षातल्या दोन दिवसांपुरता नाही, रोज. लांबून येणाऱ्या बायकांची संख्या त्या तारखेनंतर वाढली का, आणि त्याच पट्ट्यातल्या पुरुषांची नाही वाढली का? वारसा दिनाच्या मोफत तिकिटापेक्षा मला तर हा प्रश्न जास्त वजनदार वाटतो. पण तो कोणी घेत नाही, कारण एसटीची सवलत ‘पर्यटन’ या शीर्षकाखाली येत नाही.

शून्याची स्वतःची ओढ असते, हेही मान्य करायला हवं. शॅम्पॅनियर, मझार आणि एरिअली यांनी 2007 मध्ये चॉकलेटवर प्रयोग छापले. भारी चॉकलेट पंधरा सेंटला आणि साधं एक सेंटला ठेवलं तेव्हा लोकांचा कल भारीकडे होता. दोन्हींची किंमत एकेका सेंटने उतरवली, भारी चौदाला आणि साधं फुकट, तर बहुतेक जण साध्याकडे वळले. फरक तेवढाच राहूनही. म्हणजे ‘मोफत’ हा शब्द पंचवीस रुपयांपेक्षा जास्त काम करू शकतो. पण तो बसचं भाडं भरत नाही.

आणि तारखा. बीड जिल्ह्यातली ऊसतोड मजुरांची कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि कारखान्याचा पट्टा पडला की, साधारण मार्च-एप्रिलमध्ये, परततात. केज तालुकाही त्यात आला. 19 ते 25 नोव्हेंबर या वारसा सप्ताहात ही माणसं फडात असतात, कोप्यांवर असतात. त्यांच्यासाठी तिकीट शून्य असलं काय नि शंभर असलं काय. गेटवर केलेल्या कोणत्याही पाहणीत ती दिसणार नाहीत, कारण गेटवर आलेल्यांनाच आपण प्रश्न विचारतो. सिलेक्शन बायस शिकवताना पुस्तकात दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचं उदाहरण देतात. मला हे उदाहरण पुरतं. जो आला नाही त्याला का आला नाहीस हे विचारायचं असेल, तर गेट सोडून गावात जावं लागतं, आणि तेही तो गावात असेल तेव्हा.

मोफत आणि खुलं

आता मूळ शब्दाकडे. युरोपात ज्याला वारशाचे खुले दिवस म्हणतात ती वेगळी गोष्ट आहे. फ्रान्सने 1984 मध्ये, जॅक लांग संस्कृतीमंत्री असताना, ही प्रथा सुरू केली. 1991 मध्ये युरोप परिषदेने ती उचलली, आणि इंग्लंडमध्ये 1994 पासून हे दिवस होतात. त्यात भर असतो तो एरवी बंद असलेली दारं उघडण्यावर. पॅरिसमधला राष्ट्राध्यक्षांचा एलिझे प्रासादही त्या दिवसांत सामान्यांना आतून बघता येतो. आपण मात्र जे रोज उघडं आहे त्याचं तिकीट काढून टाकतो. एक आहे प्रवेश, दुसरी आहे किंमत. दोन्हींना ‘मोफत खुला दिवस’ म्हटलं की दोन चल राशी एकाच नावाखाली जातात, आणि मग परिणाम कोणाचा हे सांगता येत नाही.

वेगळं करून बघा. मुंबई महापालिकेच्या मुख्यालयात जानेवारी 2021 मध्ये हेरिटेज वॉक सुरू झाला. एरवी बंद इमारत उघडली, पण तिकीट लावून. वारसा दिनाचा मकबरा मोफत आहे, पण नव्याने काही उघडलेलं नाही. आणि आपल्या केजच्या आजूबाजूला तिसराच प्रकार आहे. धारूरचा किल्ला, आदिलशाही सरदार किश्वरखान लारीने 1567 च्या सुमारास बांधलेला. अंबाजोगाईचं हत्तीखाना लेणं. बारा महिने उघडे, बारा महिने फुकट. तरी तिथे रांगा नाहीत. तिथे कमी आहे ती सांगणाऱ्या माणसाची, फलकाची, आणि आत गेल्यावर काय बघायचं या माहितीची. उलट अंबाजोगाईतच दासोपंतांची पासोडी आहे, कापडावर लिहिलेलं पंचीकरण. इतकं जुनं कापड रोज उलगडून दाखवता येणार नाही. तिच्यासाठी खरा युरोपी अर्थाचा खुला दिवस शोभेल.

संशोधनाच्या दृष्टीने धारूर आणि हत्तीखाना सोन्यासारखे आहेत, कारण तिथे किंमत कायमची शून्यावर बांधलेली आहे. मग तुम्ही फक्त एकच गोष्ट बदला. सहा रविवार घ्या. चिठ्ठ्या टाकून त्यातले तीन निवडा. त्या तीन रविवारी सकाळी दहा ते एक कॉलेजचे दोन विद्यार्थी माहिती सांगायला उभे करा, बाकी तीन दिवशी फक्त मोजा. कधी उभं राहायचं ते आपल्या सोयीने ठरवू नका, चिठ्ठीनेच ठरवा, नाहीतर चांगलं हवामान बघून तुम्ही आपसूक तोच रविवार धराल. मोजायला किती माणसं आली त्याबरोबरच प्रत्येक गट आत किती मिनिटं थांबला हेही लिहा. माहिती सांगणारा असेल असं आधी कोणाला कळलंच नसेल, तर येणाऱ्यांची संख्या बदलायचं कारण नाही. थांबण्याचा वेळ मात्र बदलू शकतो. सहा दिवस कमी आहेत, यावर पेपर होणार नाही. पण दिवसागणिक आकडा किती वर-खाली होतो हे कळेल, आणि खऱ्या अभ्यासाला किती रविवार लागतील याचं गणित त्यावरूनच मांडता येतं.

जाण्याआधी दोन कागद तयार ठेवा. संरक्षित स्मारकाच्या आवारात पाहणी करायची तर संबंधित पुरातत्त्व कार्यालयाची लेखी परवानगी, आणि लोकांना प्रश्न विचारायचे तर तुमच्या विद्यापीठाच्या एथिक्स कमिटीची. दोन्हींना वेळ लागतो, म्हणून नोव्हेंबरचं काम असेल तर अर्ज पावसाळ्यातच टाका. प्रश्नावलीत नाव-पत्ता विचारू नका, पण गाव जरूर विचारा, कारण हॉटेलिंगचे पट्टे त्यावरूनच आखायचे आहेत. शेवटचे तीन प्रश्न असे ठेवा: इथे याआधी कधी आला होतात, आज तिकीट असतं तर आला असता का, आणि घरातलं कोण आज येऊ शकलं नाही. दुसऱ्या प्रश्नाला लोक हमखास ‘हो, आलोच असतो की’ म्हणतात, त्यावर फार विसंबू नका. तिसऱ्याची उत्तरं मात्र शब्दशः लिहून घ्या, त्यांचे कोड नंतर पाडता येतील.